पाकटांच्या प्रसाराची नोंद, बेटांभोवतीच्या समुद्रातील

पाकट हे चपट्या शरीराचे उपास्थिमीन असून शार्क माशांप्रमाणेच त्यांचा सांगाडा हाडांऐवजी कूर्चेचा बनलेला असतो. त्यांची कोणती जाती कोठे, किती खोलीवर, वर्षाच्या कोणत्या काळात व किती संख्येने आढळते याची पद्धतशीर नोंद करणे हे सागरी प्राणिभूगोलाचे एक महत्त्वाचे अंग आहे. बेटांभोवतीच्या समुद्रात हे काम विशेष कठीण व तितकेच निकडीचे ठरते. कारण तेथे एखाद्या जातीचे क्षेत्र अतिशय लहान असू शकते आणि त्या जातीची नीट माहिती मिळण्यापूर्वीच ती नष्ट होण्याचा संभव असतो. हिंदी महासागरातील मालदीव बेटांभोवती मँटा या मोठ्या पाकटांच्या बाबतीत २००५ पासून चालू असलेले काम हे अशा नोंदीचे एक उत्तम उदाहरण मानले जाते.

सामान्य वैशिष्ट्ये : पाकटांचे अंसपर (छातीच्या भागावरील पर) फार रुंद असून ते डोक्याच्या बाजूंना जोडले गेलेले असतात. त्यामुळे शरीराला तबकडीसारखा किंवा पंख पसरलेल्या वटवाघळासारखा आकार येतो. क्लोम-दरणे (कल्ल्यांच्या फटी) शरीराच्या खालच्या बाजूस असतात. शार्कमध्ये ती बाजूंना असतात. या लक्षणावरून दोन्ही समूह सहज वेगळे ओळखता येतात. जगात पाकटांच्या सहाशेहून अधिक जाती ज्ञात असून त्यांचे सामान्यतः चार गण मानतात : (१) शेपटीवर विषारी काटा असलेले पाकट व त्यांचे नातेवाईक (गरुड पाकट व मँटा यांचा समावेश याच गणात होतो), (२) स्केट, (३) विद्युत् पाकट आणि (४) लांज, करवत मासा इत्यादी. स्केट अंडी घालतात. इतर गणांतील माद्या पिलांना जन्म देतात. पिले थोडी असतात व प्राणी उशिरा वयात येतो. त्यामुळे एकदा संख्या घटली की, ती पूर्ववत होण्यास अनेक वर्षे लागतात. उपास्थिमीनांच्या १,१९९ जातींचे जे मूल्यमापन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात एकतृतीयांशाहून अधिक जाती धोक्यात असल्याचे आणि पाकटांची स्थिती शार्कपेक्षाही बिकट असल्याचे दिसून आले.

प्रसाराची कारणे : बहुसंख्य अस्थिमीनांची अंडी किंवा डिंभ (भ्रूणानंतरची स्वतंत्रपणे जगणारी पूर्वावस्था) प्लवकांबरोबर प्रवाहातून दूरवर वाहत जातात व अशा रीतीने एका बेटावरील जाती शेकडो किमी. दूर असलेल्या दुसऱ्या बेटावर पोहोचते. पाकटांमध्ये अशी वाहती अवस्था नसते. पिलू जन्मतःच लहान आकाराचे पाकट असते व ते स्वतः पोहेल तेवढाच त्या जातीचा प्रसार होतो. तळावर राहणाऱ्या व उथळ पाण्याला बांधलेल्या जातींना दोन बेटांमधील खोल समुद्र हा डोंगररांगेसारखाच अडथळा असतो. त्यामुळे एखाद्या द्वीपसमूहापुरत्याच मर्यादित अशा जाती निर्माण झाल्या आहेत. याउलट मँटा, गरुड पाकट यांसारख्या पोहण्यात तरबेज जाती खोल पाणी ओलांडून जाऊ शकतात. पहिल्या प्रकारच्या जातींबाबत नोंद करणाऱ्यापुढे मुख्य प्रश्न ‘सीमा कोठे’ हा असतो, तर दुसऱ्या प्रकारच्या जातींबाबत ‘कोणत्या ऋतूत’ हा असतो.

नोंदीच्या अभावाचे परिणाम : पहिल्या प्रश्नाकडे वेळेवर लक्ष न दिल्यास काय होते, हे जावा बेटाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. बटेव्हिया (आताचे जाकार्ता) येथील मासळी बाजारातून १८६२ मध्ये एका लहान पाकटाचा नमुना मिळविण्यात आला. त्याची लांबी सु. ३३ सेंमी. होती. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एडुआर्ट फोन मार्टेन्स यांनी १८६४ मध्ये त्याचे वर्णन केले व त्याला आज उरोलोफस जावॅनिकस या नावाने ओळखतात. त्यानंतर ही जाती पुन्हा कधीही मिळाली नाही. ती किती खोलीवर राहत होती, काय खात होती, किती पिले देत होती यांपैकी कशाचीही माहिती त्या एका नमुन्यापलीकडे उपलब्ध नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ती नामशेष झाल्याचे जाहीर केले. मानवी व्यवहारामुळे नामशेष झाल्याचे निश्चित ठरविण्यात आलेली समुद्री माशांची ही पहिलीच जाती होय. अनियंत्रित मासेमारी व किनाऱ्यावरील अधिवासाचा ऱ्हास ही त्याची कारणे देण्यात आली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अलीकडील दशकांत जावातील मासळी उतरविण्याच्या ठिकाणी विस्तृत पाहण्या झाल्या म्हणूनच ही जाती नाही असे म्हणता आले. एखादा प्राणी अस्तित्वात नाही असे विधान करण्यासाठीही भरपूर नोंदी लागतात.

नोंदीच्या पद्धती : पाकटांच्या प्रसाराची नोंद अनेक पद्धतींनी करतात. प्रत्येक पद्धतीतून मिळणारे उत्तर वेगळे असते व प्रत्येकीला मर्यादा असतात.

(१) बंदरावरील पाहणी : उतरविलेल्या मासळीतून जाती, लिंग, पसारा व परिपक्वता यांची नोंद करतात आणि शंकास्पद नमुने संग्रहालयात जतन करतात. ही सर्वांत जुनी व स्वस्त पद्धत असून जातीची खात्रीशीर ओळख तिच्यामुळेच पटते. तथापि मासा नेमका कोठे पकडला हे या पद्धतीत पुष्कळदा कळत नाही, कारण एकाच बंदरात दूरदूरच्या होड्या येतात.

(२) पाण्याखालील निरीक्षण : पाणबुडे ठराविक अंतर पोहून दिसलेल्या प्राण्यांची गणती करतात किंवा आमिष लावलेला चित्रक तळावर ठेवून त्यासमोर येणाऱ्या माशांचे चित्रण करतात. दुसऱ्या पद्धतीने ५८ देशांतील ३७१ प्रवाळभित्तींची केलेली पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या भित्तींवरील शार्क मासेमारीमुळे कमी झाले आहेत तेथे पाकटांचे प्रमाण तुलनेने जास्त असते, असे त्याच सामग्रीच्या पुढील अभ्यासात २०२३ मध्ये आढळून आले. वाळूत पुरून घेऊन पडून राहणारे पाकट मात्र या दोन्ही पद्धतींत नजरेतून सुटण्याचा संभव असतो.

(३) छायाचित्रावरून ओळख : काही जातींच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी प्रत्येक प्राण्यात वेगळी असते व ती आयुष्यभर बदलत नाही. तिचे छायाचित्र हे बोटांच्या ठशांसारखे वापरता येते. प्राण्याला स्पर्शही करावा लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा होय. एकरंगी जातींना ती लागू पडत नाही.

(४) प्रेषक बसविणे : प्राण्याच्या अंगावर ध्वनी किंवा उपग्रहाकडे संदेश पाठविणारे लहान उपकरण बसवून त्याच्या हालचालींचा व खोलीचा मागोवा घेतात. रात्री व खोल पाण्यात प्राणी काय करतो हे केवळ याच पद्धतीने समजते. तथापि उपकरणे महाग असल्यामुळे ती थोड्याच प्राण्यांवर बसविता येतात.

(५) पाण्यातील जनुकीय द्रव्याची परीक्षा : प्राण्याच्या शरीरातून सुटलेल्या पेशी व श्लेष्मा यांतील डीएनए पाण्याच्या नमुन्यात शोधतात. यावरून जातीचे अस्तित्व कळते. संख्या, वय किंवा लिंग कळत नाही. शिवाय तुलनेसाठी त्या जातीच्या डीएनएची माहिती आधी उपलब्ध असावी लागते व ती संग्रहालयातील खात्रीच्या नमुन्यांवरूनच मिळते.

मालदीवमधील मँटा पाकट : मालदीव हे सु. १,२०० लहान प्रवाळद्वीपांचे राष्ट्र असून ही बेटे २६ नैसर्गिक कंकणद्वीपांत विभागलेली आहेत. त्यांची साखळी उत्तर-दक्षिण सु. ८७० किमी. पसरलेली आहे. लक्षद्वीप, मालदीव व चॅगोस हे तिन्ही द्वीपसमूह समुद्रतळावरील एकाच पर्वतरांगेवर वसलेले आहेत. स्थानिक दिवेही भाषेत पाकटाला ‘मडी’ व मँटाला ‘एन मडी’ म्हणतात. मँटा या स्पॅनिश शब्दाचा अर्थ घोंगडी किंवा पांघरूण असा आहे. आकाराने प्रचंड असला, तरी हा मासा निरुपद्रवी आहे. त्याच्या शेपटीवर विषारी नांगी नसते व तो पाण्यातील सूक्ष्म प्लवक गाळून खातो. मादीला बहुधा एका वेळी एकच पिलू होते, गर्भावधी सु. एक वर्षाचा असतो आणि दोन पिलांमध्ये दोन किंवा त्याहून अधिक वर्षांचे अंतर असते.

जातींची ओळख : मँटाची एकच जाती आहे असा २००९ पर्यंत समज होता. त्या वर्षी दोन जाती निश्चित करण्यात आल्या. किनारी मँटा (मोब्युला आल्फ्रेडी) प्रवाळभित्तींच्या आसपास राहतो व त्याच्या पंखांचा पसारा जास्तीत जास्त सु. ५ मी. असतो. सागरी मँटा (मोब्युला बायरोस्ट्रिस) खुल्या समुद्रात भटकतो व त्याचा पसारा सु. ७ मी. पर्यंत असू शकतो. पहिल्याचे वर्णन १८६८ मध्येच ऑस्ट्रेलियात झाले होते. परंतु पुढे ती वेगळी जाती न मानता दुसऱ्या जातीतच गणली गेली होती. किनारी मँटाचे तोंड पांढरट असून ठिपके क्लोम-दरणांच्या मधल्या भागातही असतात. सागरी मँटाच्या तोंडाचा भाग काळसर असतो व ठिपके मुख्यतः पोटाच्या मागील भागात एकवटलेले असतात. अटलांटिक महासागरातील तिसऱ्या जातीचे वर्णन २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. याचा परिणाम असा की, २००९ पूर्वीच्या प्रसाराच्या नोंदींत केवळ ‘मँटा’ असा उल्लेख असेल, तर तो नेमका कोणत्या जातीचा हे सांगता येत नाही. ज्या नोंदींबरोबर छायाचित्र किंवा नमुना आहे त्याच पुन्हा तपासून वापरता येतात.

मोसमी वारे व प्रसार : मालदीवमधील किनारी मँटाचा प्रसार मोसमी वाऱ्यांशी जोडलेला आहे. साधारणतः मे ते नोव्हेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे (स्थानिक नाव हुळंगू) वाहतात व पृष्ठप्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. जानेवारी ते मार्चच्या सुमारास ईशान्य मोसमी वारे (इरुवाई) असताना तो उलट दिशेने वाहतो. बेटांच्या साखळीने अडविलेले पाणी कंकणद्वीपांमधील खाड्यांतून वाट काढते व प्रवाहाच्या पलीकडील बाजूस पोषक द्रव्यांनी समृद्ध असे खोलातील पाणी वर येते. तेथे वनस्पतिप्लवकांची व त्यांवर जगणाऱ्या प्राणिप्लवकांची वाढ होते. परिणामी नैर्ऋत्य मोसमी काळात अन्न पूर्वेकडे व ईशान्य मोसमी काळात पश्चिमेकडे विपुल असते आणि मँटाही त्याप्रमाणे बाजू बदलतात. हा संबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहांवरून मोजलेले हरितद्रव्याचे प्रमाण व पाणबुड्यांच्या नोंदी एकत्र करून दाखविण्यात आला. एका ऋतूत बेटाच्या एकाच बाजूस पाहणी केली असता मँटा विपुल आहेत किंवा मुळीच नाहीत असे दोन्ही चुकीचे निष्कर्ष निघू शकतात, हे यावरून लक्षात येईल.

बा कंकणद्वीपाच्या पूर्व कडेवरील हनिफारू हा लहान उपसागर या घटनेचे प्रसिद्ध स्थान आहे. नैर्ऋत्य मोसमी काळात अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास येणारी मोठी भरती पूर्वेकडे जाणाऱ्या प्रवाहास भिडते, तेव्हा प्लवक या उपसागरात ढकलले जाऊन अडकून पडतात. अशा वेळी एका फुटबॉलच्या मैदानाएवढ्या जागेत शंभराहून अधिक मँटा जमल्याच्या नोंदी आहेत. हा उपसागर २००९ मध्ये संरक्षित क्षेत्र ठरविण्यात आला व २०११ मध्ये युनेस्कोने बा कंकणद्वीपास जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला.

छायाचित्र-संग्रह व संख्येचा अंदाज : ब्रिटिश सागरी जीववैज्ञानिक गाय स्टीव्हन्स यांनी २००५ मध्ये मालदीवमधील मँटांचा छायाचित्र-संग्रह करण्यास आरंभ केला. हे काम पुढे मँटा ट्रस्ट या संस्थेमार्फत चालू राहिले. मँटा ज्या ठिकाणी स्थिरावून लहान माशांकडून अंगावरील परजीवी काढून घेतात, अशा ठिकाणी त्यांच्या पोटाकडील बाजूचे छायाचित्र घेणे सोपे जाते. त्यावरून प्राण्याचे लिंग, मादीची गर्भावस्था, जखमा व समागमाच्या वेळी नराने पंखाच्या टोकास घेतलेल्या चाव्यांचे व्रण यांचीही नोंद होते. संशोधकांबरोबरच पर्यटक व स्थानिक पाणबुडे यांनी पाठविलेल्या छायाचित्रांमुळे या संग्रहात पाच हजारांहून अधिक किनारी मँटांची स्वतंत्र ओळख नोंदली गेली आहे.

पुन्हा दिसलेल्या प्राण्यांच्या प्रमाणावरून एकूण संख्येचा अंदाज बांधता येतो. समजा, एका ऋतूत १०० प्राणी ओळखले व पुढील ऋतूत दिसलेल्या १०० प्राण्यांपैकी २५ आधीच ओळखीचे निघाले, तर ओळखीच्या प्राण्यांचे प्रमाण एकचतुर्थांश असल्यामुळे एकूण संख्या सु. ४०० असावी असे अनुमान निघते. मात्र दरम्यान कोणी आले-गेले नाही, जन्म-मृत्यू झाले नाहीत आणि प्रत्येक प्राणी दिसण्याची शक्यता सारखीच आहे ही गृहीते त्यामागे असतात. ठराविक जागी वारंवार येणाऱ्या मँटांच्या बाबतीत ती पूर्णपणे खरी नसल्याने गणितात तशा सुधारणा कराव्या लागतात. मालदीवच्या दक्षिणेकडील फुवामुला या एकाकी बेटाजवळ सागरी मँटा मुख्यतः मार्च-एप्रिलमध्ये दिसतात. पण त्यांपैकी बहुतेक पुन्हा दिसत नाहीत. यावरून ते तेथील रहिवासी नसून खुल्या समुद्रात दूरवर पसरलेल्या मोठ्या समूहातील असावेत असे मानतात.

नकाशाचा अर्थ : प्रसाराचा नकाशा प्राण्यांच्या वास्तव्याइतकाच निरीक्षकांच्या फेऱ्यांचाही असतो. पर्यटकांच्या होड्या माहितीच्या जागी व सोयीच्या महिन्यांतच जातात; त्यामुळे तेथील नोंदी वाढत जातात व इतर भाग रिकामे दिसतात. समजा, एका ठिकाणी ८० फेऱ्यांत ४० मँटा दिसले व दुसऱ्या ठिकाणी ५ फेऱ्यांत १० दिसले. नोंदींची संख्या पाहता पहिले ठिकाण समृद्ध वाटेल. परंतु दर फेरीमागील प्रमाण पहिल्या ठिकाणी अर्धा व दुसऱ्या ठिकाणी दोन, म्हणजे चौपट आहे. म्हणून किती वेळ शोध घेतला, पाणी किती स्वच्छ होते आणि काहीच दिसले नाही अशा फेऱ्या किती, या गोष्टी नोंदविणे आवश्यक असते. ‘दिसला नाही’ ही नोंद शोध घेतल्याच्या पुराव्यासह असेल तरच तिला अर्थ प्राप्त होतो; अन्यथा ‘आढळत नाही’ आणि ‘पाहिले नाही’ यांत भेद करता येत नाही.

उपयोग : अशा नोंदींचा पहिला उपयोग संरक्षणासाठी होतो. मँटा पाण्यातील अन्न ज्या कल्ल्यांच्या पट्ट्यांनी गाळतो, त्यांना चिनी औषधांच्या बाजारात मागणी असल्यामुळे अनेक देशांत त्याची शिकार होत आली आहे. धोक्यातील वन्य जातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराने २०१३ मध्ये मँटाचा व्यापार नियंत्रणाखाली आणला. मालदीवने २०१४ मध्ये पाकटांच्या सर्व जातींना संरक्षण दिले. या निर्णयांमागे आर्थिक पुरावाही होता. २००६ ते २००८ या काळातील माहितीवरून मालदीवमध्ये मँटा पाहण्याची ९१ ठिकाणे असून केवळ त्या निमित्ताने पर्यटकांकडून दरवर्षी सु. ८१ लाख अमेरिकी डॉलरचे प्रत्यक्ष उत्पन्न मिळते, असे अनुमान काढण्यात आले. ही ठिकाणे नोंदलेली नसती, तर असा हिशेब मांडता आला नसता. गर्दीमुळे प्राणी दूर जाऊ नयेत म्हणून हनिफारू येथे २०१२ पासून श्वसन-टाकी वापरून बुडी मारण्यास मनाई करण्यात आली. पृष्ठभागावरून पोहत निरीक्षण करण्यास मात्र परवानगी राहिली.

भारताच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे. लक्षद्वीपवरून तेच मोसमी वारे वाहतात, तर अंदमान व निकोबार बेटांभोवती प्रवाळभित्ती, खारफुटी व खोल समुद्र ही तिन्ही क्षेत्रे जवळजवळ असल्याने पाकटांच्या विविध जातींना तेथे अनुकूल अधिवास मिळतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये काही उपास्थिमीनांचा समावेश करण्यात आला. त्यांत करवत मासे व काटेरी पाकट (उरोजिम्नस ॲस्पेरिमस) आहेत. काटेरी पाकटाच्या शेपटीवर नांगी नसते; परंतु पाठ तीक्ष्ण काट्यांनी भरलेली असते. पूर्वी त्याचे खडबडीत कातडे तलवारीच्या मुठींना लावीत. कायद्याने जातीला संरक्षण दिले, तरी ती कोणत्या बेटाजवळ व कोणत्या ऋतूत येते हे ठाऊक असल्याखेरीज जाळी कोठे व केव्हा टाळावयाची हे कोळ्यांना सांगता येत नाही.

चांगल्या नोंदीत दिनांक, स्थान, खोली, शोधास लागलेला वेळ, जाती ओळखण्याचा आधार व शक्य असल्यास छायाचित्र यांचा समावेश असतो. जातींची नावे व त्यांचे वर्गीकरण पुढे बदलले, तरी अशी नोंद नव्याने तपासता येते. जावाच्या पाकटाच्या बाबतीत १८६२ चा एक नमुना व त्याच्या स्थानाची मोघम माहिती एवढेच मागे राहिले. मालदीवमध्ये प्रत्येक प्राण्याचा दिनांक व स्थान यांसह वृत्तांत साठविला जात असल्यामुळे मँटांची संख्या घटू लागल्यास ती कोठे, केव्हा व कोणत्या वयोगटात घटली हे वेळीच समजू शकेल.